तीस टक्क्यांत काय मिळतं

तारनाका, हैदराबाद

चि. छोटीस,


तुझा मेल वाचला. लालागुड्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये हरवलेलं मांजर शोधणाऱ्या मुलीचा तुझा गेम अर्धा झालाय आणि तू आतापासूनच विक्रीच्या काळजीत पडली आहेस, हे मला आवडलं. चित्रं काढणारी आणि कोड लिहिणारी माणसं बहुधा हिशेबाला शेवटी हात घालतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. तुझं म्हणणं असं, की कष्ट आपले, जाग्रणं आपली, आणि ऑनलाइन दुकानाने शंभरातले तीस काढून घ्यायचे, हा अन्याय नाही का? त्या तीस रुपयांत काय येतं आणि काय येत नाही ते आधी लिहितो. माझं मत त्यातच येईल.

कोठी-सुलतान बाजार भागात मी आयुष्यभर मराठी पुस्तकं विकली, त्यामुळे कमिशन या शब्दाने मी दचकत नाही. प्रकाशक आम्हाला छापील किमतीवर तीस-पस्तीस टक्के सूट द्यायचे, कधी त्याहून जास्त. लेखकांना ते खुपायचं. पण ज्याने नांदेडला किंवा परभणीला स्वखर्चाने पुस्तक छापलं आणि कुठल्याच वितरकाकडे दिलं नाही, त्याचे गठ्ठे घरातल्या पलंगाखाली पडून राहायचे, आणि इकडे तारनाक्याचा वाचक त्याच पुस्तकाची चौकशी करून रिकाम्या हाताने परत जायचा. विक्रीचे शंभर टक्के त्या लेखकाचेच असायचे, पण विक्रीच व्हायची नाही.

गेमच्या धंद्यात परिस्थिती याहून बिकट होती. सीडीच्या काळात गेम विकायचा म्हणजे खोकी छापायची, सीडी काढायच्या, पब्लिशर गाठायचा आणि त्याने तो माल दुकानादुकानांत पोचवायचा. सिकंदराबादला पार्क लेनवर, चिनॉय ट्रेड सेंटरच्या आसपासच्या कॉम्प्युटर दुकानांत परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचे गेम दिसायचे. हैदराबादच्या चार मित्रांनी खोलीत बसून केलेला गेम त्या फळीवर पोचण्याची वाटच नव्हती. चांगला असूनही तो पोचला नसता.

ती वाट ऑनलाइन दुकानांनी काढली. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केलं ते स्वतःच्या गेमची दुरुस्ती घरोघर पोचवायला. २००५ पासून तिथे इतरांचे गेम विकायला आले. सुरुवातीची वर्षं कोणता गेम घ्यायचा हे कंपनीतली माणसंच ठरवायची. २०१२ मध्ये ग्रीनलाइट आलं, म्हणजे खेळणाऱ्यांनी मतं द्यायची आणि मतं जमली तर दार उघडायचं. जून २०१७ मध्ये तेही बंद झालं आणि स्टीम डायरेक्ट आलं. आता एका गेममागे १०० डॉलर भरायचे, कागदपत्रं द्यायची, गेम नीट चालतो आणि पानावर सांगितलंय तसाच आहे याची तपासणी होते, आणि गेम दुकानात लागतो. गेमची कमाई हजार डॉलरवर गेली की ते शंभर परतही मिळतात.

या बदलावर बरीच टीका झाली, अजून होते. कुणीही यावं, काहीही विकावं, त्यामुळे कचरा वाढला, असं म्हणतात. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले, तेव्हा टीकेत तथ्य नाही असं नाही. तरीही छोट्या माणसाला या दुकानांनी दिलेला सर्वांत मोठा आधार मला हाच वाटतो. अमेरिकेत बेलव्ह्यूच्या कचेरीत बसलेल्या सज्जन माणसाला लालागुडा काय कळणार? तिथली लाल विटांची घरं, दुपारचा वर्कशॉपचा भोंगा, मराठी-तेलुगू-दखनी एकाच वाक्यात बोलणारी मुलं हे गेममध्ये कशाला हवं, असंच त्याने विचारलं असतं. आता त्याला पटवावं लागत नाही. तीस टक्क्यांच्या तक्रारीत ही गोष्ट विसरली जाते.

आता पुण्याची गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्यासारख्यांनी बारकाईने वाचण्यासारखी आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम करायला घेतला. राजी नावाची मुलगी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, दुर्गेने दिलेलं शस्त्र, राजस्थानी वळणाची वास्तू आणि मधल्या कथाभागांसाठी छायाबाहुल्या. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून १ लाख २० हजार डॉलर उभे करायचा प्रयत्न केला. लक्ष्य गाठलं गेलं नाही, आणि तिथला नियम असा की लक्ष्य हुकलं तर हाती काहीच येत नाही. इथेच पुष्कळ जण थांबले असते. हे थांबले नाहीत. ज्या अनरिअल इंजिनावर गेम बांधला जात होता त्या इंजिनाच्या मालकांनी, म्हणजे एपिक गेम्सने, त्यांना विकासासाठी अनुदान दिलं. पुढे पब्लिशर मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोने छोट्या स्टुडिओंच्या गेमसाठीचा आपला कार्यक्रम दाखवला आणि त्याच दिवशी 'राजी' निन्टेन्डो स्विचच्या दुकानात लागला. ऑक्टोबरात तो पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्याच वर्षी द गेम ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

या गोष्टीत दुकानं चालवणाऱ्या कंपन्यांनी काय केलं ते वेगळं काढून बघ. एकाने पैसे दिले, तेही गेम पुरा होण्याआधी. दुसऱ्याने आपल्या मंचावरची काही मिनिटं दिली, आणि ती मिनिटं जगभरातल्या लाखो खेळाडूंनी बघितली. एक्सबॉक्सने गेम पास या वर्गणीच्या योजनेत गेम घेतला. नुसती फळी देणं आणि फळीकडे बोट दाखवून "हे बघा" म्हणणं यात फरक आहे, आणि दुसरं काम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्या दुकानातही दर्शनी फळीवर मावायची तेवढीच पुस्तकं मावायची. बाकीची आत कपाटात असायची, आणि मागणाऱ्यालाच मिळायची.

प्लेस्टेशनवाल्या सोनीने २०२३ मध्ये भारतातल्या स्टुडिओंसाठी इंडिया हीरो प्रोजेक्ट काढला. त्यात निवडलेल्या गेमना पैसा आणि जाणत्यांचं मार्गदर्शन मिळतं. आजी गेल्यानंतरच्या दुःखातून वाट काढणाऱ्या मुलीचा 'फिशबोल' हा त्यातलाच एक. तलवारी नाहीत, राक्षस नाहीत, एका घरातलं आयुष्य आहे. तुझं मांजर फार साधं आहे म्हणून तू खंत करतेस ना, तर हा गेम बघून घे.

आणि सगळं पुण्या-मुंबईतच होतं असं नाही. आपल्या हैदराबादच्या ओगरहेड स्टुडिओने भारतीय पुराणकथांवरचा 'असुरा' २०१७ मध्ये स्टीमवर आणला. गेम डेव्हलपरांची मोठी राष्ट्रीय परिषद अनेक वर्षं आपल्याच शहरात भरत होती. २०२४ च्या नोव्हेंबरातही इथेच झाली, २०२५ मध्ये ती चेन्नईला गेली. म्हणजे तारनाक्याहून मेट्रोत बसून जाता येईल इतक्या अंतरावर तुझ्या धंद्यातली माणसं राहतात, काम करतात. त्यांना जाऊन भेट. दुकानाचे नियम वाचून कळतात. पहिल्या आठवड्यात काय होतं ते मात्र त्यातून गेलेल्या माणसाकडूनच कळतं.

आता हिशेब. समज, तू किंमत ४०० रुपये ठेवलीस. त्यात १८ टक्के जीएसटी आला. तो काढला की ३३९ उरतात. स्टीमने ३० टक्के घेतले की तुझ्याकडे २३७. हजार प्रती गेल्या तर २ लाख ३७ हजार, आणि त्यातून परत आलेल्या प्रती, सवलतीत विकलेल्या प्रती आणि आयकर अजून वजा व्हायचाय. एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचं दुकान काढलं ते १२ टक्क्यांवर, आणि जून २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नावर ते काहीच घेत नाहीत. इच डॉट आयओ हे २०१३ मध्ये सुरू झालेलं छोटं दुकान दुकानाचा वाटा किती असावा हेच तुला ठरवू देतं. तू काही बदललं नाहीस तर १० टक्के. मग सगळे स्टीमवर का जातात? गिऱ्हाईक तिथे आहे म्हणून. २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत किमती दाखवायला सुरुवात केली आणि परदेशी कार्ड नसलेल्या आपल्याकडच्या पोरांनाही खरेदी जमू लागली. पैसे वसूल करणं, देशोदेशीचा कर भरणं, डाउनलोडचा भार उचलणं, रिफंड देणं ही सगळी कामं त्या तीस टक्क्यांत येतात. एकटीने करायची म्हटली तर तुझा गेम बाजूला राहील.

म्हणून तीस टक्के हा आकडा मला अन्यायाचा वाटत नाही. अन्याय दुसरीकडे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टीमने जाहीर केलं की एखाद्या गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर वाटा २५ टक्के, आणि पाच कोटींच्या वर गेली की २० टक्के. म्हणजे जो आधीच गब्बर आहे त्याला सवलत, आणि जिचं घरभाडं या पैशावर अवलंबून आहे तिने पूर्ण तीस द्यायचे. ॲपलने २०२१ च्या जानेवारीपासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. गूगल प्लेने त्याच वर्षी पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के केले. मोठ्या कंपन्यांना हे सुचू शकतं तर स्टीमलाही सुचायला हवं. लहानाचा भार हलका करणं हाच आधार. तुमच्या पिढीने हे मोठ्याने मागायला हवं, आणि मागताना आकडे हाताशी हवेत, म्हणून एवढं लिहिलं.

तीस टक्क्यांत जे येत नाही ते म्हणजे पहिलं गिऱ्हाईक. ते तुलाच आणावं लागतं, आणि त्यासाठी दुकानाने काही साधनं ठेवली आहेत ती नीट वापर. गेमचं पान लवकर उघड. नियम निदान दोन आठवडे आधीचा आहे, पण ते अगदीच कमी. काही महिने असू दे. तिथे लोक तुझा गेम विशलिस्टमध्ये टाकतील, आणि गेम आला की स्टीम त्या प्रत्येकाला मेल पाठवेल. पुढे २० टक्के किंवा त्याहून जास्त सवलत दिलीस की पुन्हा पाठवेल. हा मेल फुकट आहे. माझ्या काळी नव्या पुस्तकाची खबर द्यायला पोस्टकार्डं लिहावी लागायची. मग नेक्स्ट फेस्ट : फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरात, अजून विक्रीला न आलेल्या गेमच्या डेमोंची जत्रा भरते. एका गेमला त्यात एकदाच जाता येतं, म्हणून अर्धा कच्चा डेमो घेऊन उत्साहाने घुसू नकोस. गेम आल्यावर दहा जणांचे अभिप्राय आले की पानावर एकूण मत दिसू लागतं. त्या दहांसाठी मैत्रिणींना खोटं लिहायला लावू नकोस. खऱ्या खेळणाऱ्यांपर्यंत जा आणि खेळून झाल्यावर लिहा म्हणून सांग.

तुझा गेम दीड तासात संपतो असं तू लिहिलंस. इथे मला काळजी वाटते. जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीच्या चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ग्राहकासाठी हा नियम चांगला, मी त्याच्या बाजूचा आहे. पण छोट्या गेमवर त्याचा घाव बसतो. २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' हा भयकथेचा गेम करणाऱ्या एमिका गेम्स नावाच्या एकट्या डेव्हलपरने जाहीर केलं, की लोक गेम पूर्ण खेळतात, आवडला म्हणून लिहितातही, आणि पैसे परत घेतात. म्हणून आपण काम थांबवतोय. यावर उपाय म्हणून गेम ताणू नकोस. नुसतं चालणं आणि रिकामे जिने घालून अडीच तास केलेला गेम कुणालाच नको असतो. किंमत कमी ठेव, आणि पुन्हा खेळावंसं वाटेल असं काही असेल तर ते घाल. मांजर दर वेळी वेगळ्या घरात सापडलं तर?

आणखी एक गोष्ट, कारण तुझ्या मेलमध्ये 'स्टारड्यू व्हॅली'चं नाव तीनदा आलंय. एरिक बरोनने तो गेम एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ केला, त्या काळात सिएटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायची नोकरी केली, २०१६ मध्ये गेम आला, आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत चार कोटींहून अधिक प्रती गेल्या. हे सगळं खरं. पण त्या गोष्टीतून चार कोटींचा आकडा घेऊ नकोस, थिएटरमधली नोकरी घे. कॉलेज पूर्ण कर, आणि पोटाची सोय असेपर्यंतच गेमचं वेड धर. मी पैशाच्या चिंतेत लिहिणारे लेखक पाहिलेत. पुस्तक संपायच्या आधी ते स्वतः थकायचे.

एकाच दुकानावर सगळं टाकू नकोस हेही सांगायचं होतं. दुकानांच्या मागेही कुणी बसलेलं असतं. जुलै २०२५ मध्ये पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला आणि इच डॉट आयओने प्रौढांसाठी म्हणून नोंदलेले गेम रातोरात शोधातून काढले. त्यात निरुपद्रवी कामंही अडकली. तुझ्या मांजराला तो धोका नाही, पण आपण भाड्याच्या जागेत आहोत हे लक्षात ठेवावं. म्हणून ज्यांना तुझं काम आवडलं त्यांच्या मेलची यादी तुझ्याकडे हवी, दुकानाकडे असते ती वेगळी. आधी छोटी आवृत्ती इचवर फुकट ठेव, कोण खेळतं, कुठे अडकतं ते बघ, मग स्टीमचे शंभर डॉलर भर. आणि पैसे भरल्यावर लगेच गेम आणता येत नाही, तीस दिवस थांबावं लागतं, तेव्हा दिवाळीला आणायचा असेल तर दसऱ्याला जागी होऊ नकोस.

कागदपत्रांत आळस करू नकोस. पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव आणि दुकानाच्या अर्जातलं नाव अक्षरशः एकच असू दे. तुझ्या पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे आणि बँकेत नाही, हे मला आठवतंय, ते आधी सरळ कर. अमेरिकेचा कराचा अर्ज भरताना भारताशी असलेल्या कराराचा रकाना भर. त्याने तिथल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीवरची कपात १५ टक्क्यांवर येते, आणि ती कापलेली रक्कम इथल्या आयकरात दाखवता येते. बाकी इथल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचार. फी लागेल, ती देऊन टाक.

भाषेचं राहिलं, आणि माझ्या मनात सगळ्यात जास्त तेच आहे. तू गेम इंग्रजीत करते आहेस, ठीक. जगभर विकायचा तर ते हवंच. पण संवाद कोडमध्ये कुठेकुठे लिहून ठेवले असतील तर आत्ताच ते बाहेर काढून एका तक्त्यात घाल : पहिल्या रकान्यात खूण, दुसऱ्यात इंग्रजी, पुढचे रकाने इतर भाषांसाठी रिकामे. तू वापरतेस ते गोडो इंजिन असा तक्ता थेट वाचतं. जोडाक्षरं गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून नीट जुळतात, तिसऱ्यात तुटायची, म्हणून तुझी आवृत्ती कोणती ते बघ आणि 'लक्ष्मी', 'दर्या', 'कृष्णा' असे चार शब्द पडद्यावर आणून तपास. फाँट निवडताना त्याचा परवाना वाच. क्वार्टर्समधली आजी मांजराला हाक मारते तिथे पुण्याची पुस्तकी मराठी मला नको आहे. मराठवाड्याहून येऊन तीन पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या घरात जशी बोलतात तशीच हवी. तेलुगूसाठी तुझ्या वर्गातली कुणी मिळेल, उर्दूसाठी मी माणूस बघतो. उजवीकडून डावीकडे लिहिलेलं चौथ्या आवृत्तीत चालतं. मराठीचा रकाना माझ्याकडे. तक्ता तयार झाला की पाठव, अर्धा असला तरी चालेल.

तुझे,
काकाआजोबा